शाळेचं नाटक, पण कोणत्या बाकावरून?

डिसेंबर लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे शाळाशाळांतून गॅदरिंगची गडबड सुरू होते. मंडप ठरतो, कपडे भाड्याने येतात, मुलींचे नाच बसतात. नाटकही असतं. मुलींचं नाटक म्हटलं की विषय ठरलेले: हुंडा, नाहीतर मुलगी वाचवा, नाहीतर स्वच्छता. पात्रंही ठरलेली. सोशिक आई, खाष्ट सासू, काजळाने मिशा काढलेला दारुडा बाप, आणि शेवटच्या पाच मिनिटांत येऊन सगळ्यांना शहाणं करणाऱ्या एक बाई. कधी बाईंच्या जागी महिला मंडळाच्या ताई असतात. ताईंचं भाषण झालं की बाप रडतो, सासू सुनेला जवळ घेते, टाळ्या पडतात.

मी माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं आणि तितकीच वर्षं संघटनेचं काम करते आहे. त्यामुळे अशा कार्यक्रमांना बोलावणं असतं, कधी परीक्षक म्हणून, कधी नुसतीच पाहुणी म्हणून. इतकी नाटकं पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. शाळेच्या अंगणात, शाळेतल्या मुलींनी केलेल्या या नाटकांत शाळा कुठेच नसते. घर असतं, पाणवठा असतो, दवाखाना असतो, पंचायत असते. ज्या वर्गात मुलगी दिवसाचे सहा तास बसते तो वर्ग नाही, त्या वर्गातली भीती नाही, तिथली मैत्री नाही. मास्तर आणि बाई नाहीत. असतात त्या फक्त उपदेश करायला येणाऱ्या बाई. त्या पात्र नसतातच, त्यांच्या तोंडून व्यवस्थापनच बोलत असतं.

हे असं का, याचा विचार करायचा तर मराठी रंगभूमीकडे थोडं मागे वळून बघायला हवं. शाळा-कॉलेज आपल्या रंगभूमीला काही परकं नाही. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' १८५५ चं. भटजीने नाडलेलं एक कुणबी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतं. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं आणि पुढे सव्वाशे वर्षं ते छापलं गेलं नाही, हा इतिहास आपल्या शिबिरांतून आपण अनेकदा सांगतो. पण त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगायची राहून जाते: शाळेच्या वाटेला नवरा-बायको दोघं लागतात. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या त्या नाटकात शिकायला निघालेली एक बाई आहे, तीही मूल पोटात असलेली. पुढच्या नाटककारांनी तिला शाळेच्या दाराशी सोडलं आणि आत गेल्यावर तिचं काय झालं हे कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर शाळा-कॉलेज रंगमंचावर आलं ते पुरुषाच्या टेबलावरून आणि मुलांच्या बाकावरून. वसंत कानेटकरांचं 'अश्रूंची झाली फुले' १९६६ चं. प्राध्यापक विद्यानंद आणि त्यांचा वांड विद्यार्थी लाल्या, म्हणजे प्रभाकर पणशीकर आणि काशिनाथ घाणेकर. जळगावच्या माझ्या पिढीतल्या बायकांनाही लाल्या पाठ आहे. नाटक रंगतदार होतं, संस्थाचालकांच्या भ्रष्टाचारावर बोट ठेवणारं होतं. पण गुरू पुरुष, शिष्य पुरुष, दोघांमधलं प्रेम आणि भांडण पुरुषांचं. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी मिलिंद बोकीलांची 'शाळा' कादंबरी आली, २००४ साली. तिच्यावर 'ग म भ न' नाटक झालं, चित्रपट झाला. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग. फार हळुवार लिहिलंय त्यांनी, मला आवडतंही. तरी ती मुकुंद जोशीच्या डोळ्यांनी पाहिलेली शाळा आहे. शिरोडकर त्यात आहे ती दिसण्यापुरती, वाट बघण्यापुरती. वर्गातली प्रत्येक मुलगी आडनावाने ओळखली जाते, म्हणजे बापाच्या नावाने. शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते तेव्हा आपल्याला जोशीचं दुःख कळतं. शिरोडकरचं काय झालं? तिला तिच्या बाकावरून काय दिसत होतं? हे सांगणारं नाटक कोणीतरी लिहायला हवं होतं. अजूनही लिहायला हरकत नाही.

मराठी नाटकातली सगळ्यात गाजलेली शिक्षिका म्हणजे लीला बेणारे. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली 'रंगायन'ने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हे पुष्कळांना माहीत नसतं. आपल्या चळवळीत या नाटकावर किती चर्चा झाली! कुमारी माता, दुटप्पी नीती, ज्याने फसवलं तो प्राध्यापक दामले रंगमंचावर फिरकतही नाही, भ्रूणहत्येच्या आरोपाखाली उभी केलेली बाई आणि शेवटी तोच गर्भ नष्ट करण्याचा हुकूम देणारं कोर्ट. हे सगळं बरोबरच आहे. गर्भपाताचा कायदा त्यानंतर १९७१ मध्ये आला आणि त्यातल्या एका कलमातला 'नवरा' जाऊन 'जोडीदार' हा शब्द यायला २०२१ साल उजाडलं. म्हणजे बेणारेचा खटला पन्नास वर्षांहून जास्त चालला असं म्हणायला हरकत नाही.

पण बेणारे ही नोकरदार बाई आहे, शिक्षिका आहे, हे आपण चर्चेत दुय्यम ठेवलं. नाटक पुन्हा वाचून पहा. ती आल्या आल्या सामंताशी बोलते ते शाळेबद्दल. आपण वेळेवर जातो, आपलं शिकवणं चोख आहे, मुलं आपल्यावर जीव टाकतात, आणि तरीही संस्था आपल्यामागे चौकशी लावते आहे. खटला खेळ म्हणून सुरू होतो, पण त्या खेळात खरा दांडका कुठला आहे? समाजाची नालस्ती तर आहेच. खरा दांडका नोकरीचा आहे. संस्थेचे अध्यक्ष तिला कामावरून काढणार आहेत ही बातमी त्या नकली कोर्टात पुरावा म्हणून येते आणि तिथे खेळ संपतो. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे ही माणसं क्षुद्र आहेत, तिचं पोट त्यांच्या हातात नाही. तिचं पोट आहे शाळेच्या व्यवस्थापनाच्या हातात, आणि ते व्यवस्थापन रंगमंचावर येतच नाही. दामलेसारखंच.

तसेच तिचे विद्यार्थीही येत नाहीत. सोमवारी बाई वर्गावर आल्या नाहीत तर त्या मुलांना काय सांगितलं जाणार होतं? मुली काय समजल्या असत्या? त्यातली एखादी तरी पालकांना विचारायला धजावली असती का, की बाईंचा गुन्हा काय? तेंडुलकरांना ते नाटक लिहायचं नव्हतं, त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. पण मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिक्षिकेला वर्ग नाही, ही गोष्ट मला गेली कित्येक वर्षं सतावते.

चळवळीतून आलेलं उदाहरण घेऊ. सुषमा देशपांडेंचं 'व्हय मी सावित्रीबाई' १९८९ पासून गावोगाव झालं. नऊवारीतली सावित्रीबाई समोर उभी राहून आपल्याशीच बोलते, यामुळे माझ्या पिढीच्या शिक्षिकांना आपली आजी मिळाली. तोवर सावित्रीबाई शाळेच्या भिंतीवर फोटोतसुद्धा क्वचितच असायच्या. पण हा एकपात्री प्रयोग. १८४८ साली भिडेवाड्यात बसलेल्या मुली त्यात येतात त्या बाईंच्या सांगण्यातून. आणि या शाळांतली एक मुलगी स्वतः बोललेली आहे, लेखी. मुक्ता साळवे. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जोतीरावांनी नाटक लिहिलं त्याच साली. बाई शिकवतात आणि मुलगी त्या शिकण्याचं हत्यार करून धर्मालाच प्रश्न विचारते, हे आपल्याकडे खरोखर घडलेलं आहे. बाई आणि मुलगी समोरासमोर, दोघी बोलणाऱ्या, असं नाटक रचायला आपल्याला कोणाकडून उसनं आणायची गरज नाही.

खानदेशाला तर आदर्श शिक्षकाचं वेगळंच वेड आहे, आणि त्याचं कारण अभिमानाचं आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत होते. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांची कपबशी विसळणारे गुरुजी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये एकदा तरी स्टेजवर येतात. पांढरी टोपी, धोतर, पाठीमागे प्रार्थना. गुरुजींचं मोठेपण कमी करण्याचा प्रश्नच नाही. परंतु एक निरीक्षण नोंदवते. पुरुष शिक्षकाने आईची माया दाखवली की तो संत ठरतो. बाईने तेच केलं तर ते तिचं कामच असतं, आणि नाही केलं तर ती कडक, खडूस, हिला स्वतःला मूलबाळ नाही वाटतं? आमच्या गॅदरिंगमधल्या विनोदी नाटुकल्यांत शिक्षिका असते ती अशीच: मोठा चष्मा, अंबाडा, हातात छडी, तोंडात अशुद्ध इंग्रजी. हिचं सोंग आणायला मुलगाच उभा करतात, म्हणजे अधिक हसू येतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत २०२३ च्या दिवाळीनंतर नववीच्या अकरा मुलींनी नाटक बसवायचं ठरवलं. शाळेचं नाव मी देत नाही, मुलींना त्रास नको. मी आणि आमच्या गटातली एक तरुण कार्यकर्ती अशा दोघी मदतीला होतो. आम्ही संहिता नेली नाही. 'तुमच्या वर्गाचं नाटक करा' एवढंच सांगितलं. पहिले दोन दिवस त्या हुंड्यावरच येत होत्या. 'वर्गात काय नाटक असतं ताई?' असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी हजेरीचा खेळ सुरू झाला आणि मग थांबेना.

पात्रांना त्यांनी नावं दिली नाहीत, हजेरी क्रमांक दिले. नाव दिलं की गावात 'ही कोण?' असं सुरू होतं, हे त्यांनीच सांगितलं. जूनमध्ये शाळा सुरू होते. बाई हजेरी घेतात. तेवीस नंबरला कोणी ओ देत नाही. आखाजीच्या सुट्टीत तिचं लग्न झालंय हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे, बाईंनाही ठाऊक आहे. बाई खाली मान घालून गैरहजेरी मांडतात आणि चोविसावर जातात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग एके दिवशी सगळा वर्ग तेविसाला ओ देतो. एवढाच प्रसंग, पण तालमीत तो पहिल्यांदा झाला तेव्हा आम्ही दोघी काही बोलू शकलो नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत धुळे जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे ४० टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. मुलींना हा आकडा माहीत नव्हता. त्यांना रिकामा बाक माहीत होता.

दुसरा प्रसंग एका मुलीचा आणि बाईंचा. मधल्या सुट्टीत मुली आपसांत अहिराणीत बोलत असतात, बाई आल्या की भाषा बदलते. हे मुलींनी न सांगता केलं, कारण ते रोजचंच आहे. एक मुलगी बाईंच्या टेबलापाशी येते. शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, अडखळते, आणि शेवटी तिच्या तोंडून निघतं, 'बाई, तुम्हले काही सांगनं शे.' एक सर वही तपासताना खांद्यावर हात ठेवतात आणि लवकर काढत नाहीत. बाई तिच्याकडे बघतात, दाराकडे बघतात, आणि म्हणतात, 'तू उद्यापासून मागच्या बाकावर बस.' प्रसंग संपला. मुलींनी बाईंना खलनायिका केलं नव्हतं. उलट बाईंचं काम करणाऱ्या मुलीने दाराकडे बघण्याची ती जागा इतकी ओळखीची केली की मला माझ्या स्टाफरूममधल्या कितीतरी जणी आठवल्या.

मुख्याध्यापकांनी तालीम पाहिली आणि दोन्ही प्रसंग काढायला सांगितले. ते वाईट गृहस्थ नाहीत. 'अहो, संस्थेचे लोक पुढच्या रांगेत असतात, पालक असतात. झाडं लावा यावर करा, मोबाइलच्या दुष्परिणामांवर करा,' असं म्हणाले. हजेरीचा प्रसंग ठेवू द्यायला ते एकवेळ तयार झाले, तेविसाला ओ देण्याचा भाग वगळून. दुसऱ्याला साफ नकार. मुलींनी गॅदरिंगमध्ये नाटक करायचं नाही असं ठरवलं आणि आम्ही ८ मार्चला महिला गटाच्या मेळाव्यात ते केलं. समोर बहुतेक आयाच होत्या. बाकाचा प्रसंग संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एकीने विचारलं, 'मंग त्या बाईनी काय करं?' मुलींकडे उत्तर नव्हतं. त्यांनी नाटक तिथेच सोडलं होतं.

या बाईंबद्दल आपण नीट बोललं पाहिजे. सुरुवातीला त्याच शाळेतल्या एक तरुण शिक्षिका स्वतः नाटकातल्या बाई व्हायला तयार होत्या. मुलींना कोण आनंद झाला होता! नंतर त्यांनी अंग काढून घेतलं. त्या शिक्षणसेवक आहेत, तीन वर्षांची मुदत संपायला आठ महिने उरले होते. ही योजना २००० सालापासूनची. तीन वर्षं मानधनावर काम, मग कायम. माध्यमिकला हे मानधन २०२३ पर्यंत महिना ८ हजार होतं, ते १८ हजार झालं. अशा बाईने संस्थेच्या डोळ्यांवर यायचं? आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं तर विचारूच नका.

बेणारेच्या वेळी खासगी शाळेतल्या शिक्षिकेच्या हातात फारसं काही नव्हतं. १९७७ मध्ये खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. कायम शिक्षिकेला चौकशीशिवाय काढता येत नाही, काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आमच्या पिढीला त्याचा आधार होता. आज नव्या मुलींना तो आधार मिळेपर्यंत गप्प राहायची सवय लागलेली असते. म्हणून मला बेणारेचा खटला आणि या मुलींच्या नाटकातल्या बाईंचं दाराकडे बघणं ही एकाच नाटकाची दोन पानं वाटतात. एकीला तोंड उघडल्यावर काय होतं ते दिसलं. दुसरीने ते पाहून ठेवलंय.

पण कायद्याने आता तिलाही सुटका ठेवलेली नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग ती शिक्षिका असो की मुख्याध्यापक. म्हणजे बोलली तर नोकरीची भीती, नाही बोलली तर कायद्याची. २०२२ मध्ये सरकारने शाळांतून सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या. २०२४ मध्ये बदलापूरचा प्रकार झाल्यावर अनेक शाळांत या समित्यांची नावं घाईघाईने भिंतीवर लागली. सावित्रीचं नाव भिंतीवर चांगलं दिसतं. त्या समितीकडे जायची पायवाट मात्र बाईंच्या टेबलावरूनच जाते, आणि ते टेबल कसं आहे हे मुलींनी दाखवलं तर ते स्टेजवर चालत नाही.

आमच्याच गटातल्या काही मैत्रिणींनी या नाटकाला विरोध केला. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडे आईबाप निमित्तच शोधत असतात, त्या म्हणाल्या. शाळेतही असं घडतं हे मुलीच स्टेजवरून सांगू लागल्या तर उद्या दहा मुली घरी बसतील. तेवीस नंबरची संख्या आपणच वाढवू. १९९४ मध्ये जळगावचं शोषणाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा काय झालं ते आठवा, असंही एकीने सुनावलं. ते आठवतंच. शाळा-कॉलेजातल्या मुलींना जाळ्यात ओढून ओरबाडलं गेलं होतं, आणि गावात चर्चा चालली होती मुलींच्या कपड्यांची, मैत्रिणींची, संध्याकाळी उशिरा येण्याची.

मी त्या प्रकरणातून नेमका उलटा धडा घेते. त्या मुलींपैकी कोणालातरी आधी, अगदी पहिल्या वेळी, एखाद्या बाईंजवळ जाऊन बोलता आलं असतं तर? बोलायला शब्द हवेत, आणि शब्द उच्चारायचा सराव हवा. 'बाई, तुम्हले काही सांगनं शे' हे वाक्य नववीतल्या मुलीने पंधरा तालमींत पंधरा वेळा मोठ्याने म्हटलेलं असलं, तर खरी वेळ आल्यावर ते घशात अडकण्याची शक्यता कमी. नाटक याच कामाचं आहे. आईबापांना कळू नये म्हणून मुलीला न शिकवलेलं वाक्य शेवटी तिलाच महागात पडतं. शिवाय मेळाव्याला आलेल्या आयांपैकी एकीनेही मुलीला शाळेतून काढलेलं नाही. दोघी मात्र शाळेत जाऊन बाईंना भेटून आल्या. हा काही पुरावा नव्हे, पण भीतीपेक्षा वेगळं काहीतरी घडू शकतं एवढं त्यातून दिसतं.

आपल्या भागात मुलींना नाटक येत नाही असं तर कोणी म्हणू नये. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई बसते, मुली घरोघर गाणी म्हणतात. सासू-सून, नणंद-भावजय, माहेरचा निरोप, सगळे सवाल-जवाबच आहेत त्यात. पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी स्वतःच्या पुढच्या आयुष्याची ती रंगीत तालीम करून ठेवली. त्या गाण्यांत शाळा नाही, कारण ज्यांनी ती रचली त्यांच्या आयुष्यात शाळाच नव्हती. आजच्या मुलींच्या आयुष्यात ती आहे. मग तिचे सवाल-जवाब कोण रचणार?

स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' केलं तेव्हा गावोगावच्या बायकांना ते आपलं वाटलं. त्याच्या नकला करत आपण चाळीस वर्षं पथनाट्यं लिहिली, आणि हळूहळू त्या नकलांत समजावणाऱ्या ताईचं पात्र फुगत गेलं. ते काढून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींना प्रश्न विचारू द्यावा आणि तो प्रेक्षकांत बसलेल्या शिक्षिकांसाठी, आयांसाठी तसाच सोडावा. एक भाग मात्र त्या शाळेच्या मुलींनीही अर्धवट सोडला, तो बाईंचा. बाई दाराकडे बघतात तेव्हा त्यांना दारात कोण दिसतं? हे पात्र मुलींना एकट्याने लिहिता येणार नाही. त्यासाठी तालमीला शिक्षिका हव्यात, निदान माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या, ज्यांचं आता कोणी काही वाकडं करू शकत नाही.

ज्या गटांना हे करायचं असेल त्यांच्यासाठी कामाच्या दोन-चार गोष्टी. संहिता आधी लिहून शाळेत नेऊ नका, मुख्याध्यापक ती मागतील आणि लाल शाई काढतील. विषयाची परवानगी लेखी घ्या. अहिराणी किंवा लेवा बोली मुलींच्या तोंडून येत असेल तर सुधारू नका, एरवी ती स्टेजवर फक्त गड्याच्या आणि मूर्खाच्या तोंडी येते. तालमीत एखादी मुलगी पात्राबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागली तर तिथे नाटक थांबवा, तिला गर्दीतून बाजूला घ्या. तेव्हा पुढे काय करायचं हे तुमच्यातल्या एकीला तरी आधीपासून नक्की माहीत असलं पाहिजे: १०९८ हा क्रमांक, बालकल्याण समितीचा पत्ता, ठाण्यातल्या महिला पोलिसाचं नाव. आणि वेळेचं बघा. मानव विकासची निळी गाडी मुलींना घेऊन शाळा सुटल्या सुटल्या निघते, ती चुकली की पाच-सहा किलोमीटर पायी आणि घरी बोलणी. आम्ही सगळ्या तालमी मधल्या सुट्टीत घेतल्या, पस्तीस मिनिटांच्या. त्यातली दहा मिनिटं डबा खाण्यात जातात.